गाडीपाशी कोण

वॅटफर्डच्या रस्त्यावरच्या पेट्रोल स्टेशनात हल्ली नकाशे तारेच्या टोपलीत टाकून ठेवलेले असतात. काउंटरच्या कोपऱ्यात, कुणी न नेलेल्या ख्रिसमसच्या चॉकलेटांशेजारी, अर्ध्या किमतीचं लाल लेबल लावून. परवा पेट्रोलचे पैसे द्यायला रांगेत उभी होते, तर टोपलीत वरच इटलीचा नकाशा दिसला. न उघडलेल्या नकाशाला एक वास असतो, शाई आणि गोंद यांच्यामधला, शाळेच्या कोऱ्या पुस्तकांच्या जवळ जाणारा. मी तो उघडला आणि मग मला तो पुन्हा दुमडता येईना. मागचा गृहस्थ खाकरला. तसाच अर्धवट घडी करून मी तो टोपलीत कोंबला आणि बाहेर आले. गाडीत बसल्याबरोबर सॅटनॅवमधली बाई मला घरचा रस्ता सांगायला लागली. तो रस्ता मला गेली सोळा वर्षं पाठ आहे, पण तिला ते पटत नाही. नकाशे गेले याचं मला दुःख नाही, हे आधीच सांगून टाकते. नकाशांनी माझा एक अख्खा जून महिना खाल्लेला आहे.

त्या वर्षी सासू-सासरे पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे, लंडनजवळ हॅरोला, आले होते. जुलैत आठवडाभर इटलीला जायचं, टस्कनीत एक शेतघर भाड्यानं घ्यायचं, आणि त्यातला एक दिवस गाडी घेऊन डोंगरमाथ्यावरची जुनी गावं पाहायची, असं ते येण्याआधीच ठरलं होतं. एक दिवस. सबंध सुट्टीतला एक दिवस, आणि त्याच्या आखणीला पाच आठवडे लागले. कारण आखणी सासऱ्यांनी अंगावर घेतली होती. एकतीस वर्षं ते सरकारी बसखात्यात वेळापत्रकं आखायच्या विभागात होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण कुठली गाडी कुठून किती वाजता सुटावी हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून निवृत्त झालेला नव्हता.

आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि तो पसरलेलाच राहिला. त्याच्या चार कोपऱ्यांवर लोणच्याची बरणी, मीठदाणी, माझ्या मुलीचा गणिताचा कंपासबॉक्स आणि टेलिफोनची डिरेक्टरी अशी वजनं. आम्ही मांडीवर ताटं घेऊन टीव्हीसमोर जेवायला लागलो. सासरे पांढरा दोरा घेऊन बसत. रस्त्याच्या प्रत्येक वळणावरून दोरा नखानं दाबत दाबत नेत, मग तो ताणून पट्टीवर मोजत, वहीत आकडा लिहीत, आणि मग तोच रस्ता पुन्हा मोजत. सपाटीला ताशी पन्नास, घाट चढताना वीस, उतरताना पंचवीस, हे त्यांचं गणित. माझा नवरा मिल्टन कीन्सला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. त्यानं ऑफिसातून इंटरनेटवरचा रस्ता छापून आणला आणि बापापुढे ठेवला.

"बाबा, हे बघा. शेतघरापासून पहिलं गाव, अडतीस मिनिटं. सगळं कॅल्क्युलेट करून देतात हे."

सासऱ्यांनी कागद लांब धरून वाचला. "ह्या तुझ्या वेबसाईटनं कधी घाट चढलाय?"

"अहो, सॅटेलाईटवरून मोजतात."

"सॅटेलाईट वरनं जातो. आपल्याला खालनं जायचंय." आणि कागद उलटा करून त्याच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी लिहिलं, एक तास वीस मिनिटं.

पुढे हेही लिहायला हवं की प्रत्यक्षात एक तास बावीस मिनिटं लागली. पण हा आखणीचा लेख आहे आणि तेव्हा मला तो माणूस नुसता छळ वाटत होता.

छळाचं कारण घाट नव्हते. कारण होतं ती सात गावं. एका दिवसात सात. प्रत्येक गावात थांबा पंचवीस मिनिटं, जेवणाचा थांबा पस्तीस. फूलस्केप कागदावर पेन्सिलनं रेघा मारून केलेला तक्ता होता आणि त्यात गाव, पोचणे, निघणे, थांबा, शेरा असे रकाने होते. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची. जन्म इथलाच, मराठी कामापुरतं. तिनं तक्ता वाचला आणि विचारलं, "आजोबा, टॉयलेट ब्रेक कुठे लिहिली?" सासरे गंभीरपणे म्हणाले, "शेऱ्यात बघ." खरंच शेऱ्यात होतं. तिसरं गाव, प्रसाधन, शक्य असल्यास.

मी त्यांना परोपरीनं सांगितलं. ही गावं म्हणजे काही आपल्या यात्रा कंपनीची अष्टविनायक दर्शन सहल नाही. तटबंदीच्या आत पाहुण्यांच्या गाड्या जाऊ देत नाहीत, गाडी पायथ्याशी लावायची आणि दगडी चढ चढून वर जायचं. पंचवीस मिनिटांत माणूस वेशीपाशी पोचतो आणि परत फिरतो. दोन गावं करू, निवांत बसू, कॉफी पिऊ. त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते फक्त सरकारी नोकरीत केस पांढरे केलेला माणूसच देऊ शकतो. इटलीचा व्हिसा त्यांनी निघण्यापूर्वी मुंबईत काढला होता. अर्जाबरोबर प्रवासाचा आराखडा द्यावा लागतो. बाकीचे लोक हॉटेलचं नाव आणि विमानाच्या तारखा लिहितात. यांनी सात गावं, येण्याजाण्याच्या वेळांसकट, दोन प्रतींत सही करून दिली होती.

"वकिलातीत लिहून दिलंय," ते म्हणाले. "उद्या विमानतळावर विचारलं, बाकीची पाच कुठे गेली, तर?"

"कुणी विचारत नाही हो बाबा."

"विचारत नाहीत हे तू कशावरून म्हणतेस? तुझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे. तुला कोण विचारणार."

नवऱ्यानं हात वर केले. सासूबाई मात्र या सगळ्यात कुठेच नव्हत्या. त्या पुण्यात एका मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवायच्या. सडपातळ, काटक बाई. साठी उलटली तरी रोज पहाटे टेकडीवर जाऊन येणारी. लोक पाणी आणि शेतं खाली सोडून डोंगरावर जाऊन का राहिले, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलींना पाठ करायला लावलं होतं, डास, शत्रू, पूर, या क्रमानं. आता त्यांना ते एकदा वर उभं राहून बघायचं होतं. त्या हॅरोच्या लायब्ररीतून इटलीची पुस्तकं आणून वाचत आणि किती गावं, कुठली गावं, याबद्दल चकार शब्द काढत नसत. "ह्यांनी आखलंय ना, मग झालं," एवढंच म्हणत. मला त्यांचाही राग यायचा. बायको म्हणून नाही तर भूगोलाच्या बाई म्हणून तरी त्यांनी बोलायला हवं होतं.

जूनच्या शेवटच्या शनिवारी मी ठरवलं की आज निकाल लावायचा. सासूबाई नातीला घेऊन लायब्ररीत गेल्या होत्या, नवरा घरच्या गाडीचे टायर बघायला. मी लाल पेन घेऊन टेबलाशी बसले आणि सासऱ्यांना म्हटलं, आपण दोघं मिळून पाच गावं काटू या. त्यांनी नवा, पक्का तक्ता माझ्यापुढे सरकवला. शाईनं लिहिलेला. त्यात एक रकाना वाढला होता. गाडीपाशी. आणि त्या रकान्यात सातही ओळींत एकच शब्द, त्यांच्या रेखीव अक्षरात. मी. मी. मी. मी.

पहिल्यांदा मला हसू आलं. बसची सवय, वाटलं. चालक उतरला तर वाहकानं थांबायचं, गाडी रिकामी सोडायची नाही. मग हसू थांबलं. मी ज्या दंतवैद्याच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते तो पहिल्या मजल्यावर आहे. जिना चढून आलेला म्हातारा माणूस माझ्यासमोर उभा राहिला की त्याला नाव सांगायला किती वेळ लागतो, हे मी रोज बघते. कुणाला खुर्ची द्यायची, कुणाला नुसतं पाणी, कुणाच्या मुलीला फोन करायचा, हे मला एका नजरेत कळतं, असा माझा समज होता. आणि घरात गेले दोन महिने माझ्या डोळ्यांसमोर हा माणूस हॅरोच्या टेकडीवरचं चर्च बघायला म्हणून माझ्याबरोबर निघायचा, चढावर चार ठिकाणी थांबायचा, आणि मी समजत होते की त्याला वाचनाची हौस आहे. इस्टेट एजंटच्या खिडकीतल्या घरांच्या किमती. दिव्याच्या खांबाला बांधलेली कौन्सिलची नोटीस, कुणीतरी मागच्या बाजूला खोली वाढवणार आहे त्याची. एकदा तर त्यांनी पोस्टाच्या पेटीवरच्या वेळा सगळ्या वाचल्या आणि घड्याळ काढून ताडून पाहिल्या. मी तेव्हा पाय आपटत उभी होते.

"बाबा, सगळ्या गावांत तुम्हीच का गाडीपाशी?"

"गाडी एकटी सोडायची नसते."

"तिला कुलूप असतं."

"सामान असतं."

"सामान शेतघरावर ठेवायचंय. तुमच्याच शेऱ्यात आहे."

त्यांनी पेनाचं टोपण लावून ते खिशात ठेवलं. "तू आमच्या हेडऑफिसात असायला हवी होतीस," म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. खिशातल्या पेनाची हकिगत सांगावी तशा सुरात. हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, यांनी पुढे ढकललं होतं. पुण्यात पहाटे बायकोबरोबर टेकडीवर जाणं सोडलं तेव्हा तिला सांगितलं, पेपर उशिरा येतो, तो वाचून मग निघायला ऊन होतं. गोळ्या चष्म्याच्या जुन्या डबीत. एकच गाव ठरवलं असतं आणि दिवसभर राहायचं असतं, तर त्यांना वर यावंच लागलं असतं. सात गावं आणि प्रत्येकी पंचवीस मिनिटं असली की एक म्हातारा गाडीपाशी राहिला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. वकिलातीचं कारण खरंच होतं की आड घ्यायला होतं, ते मी विचारलं नाही. मला वाटतं दोन्ही होतं.

"तिला बोलू नकोस," ते म्हणाले. "कळलं तर ती एक पायरी चढायची नाही. माझ्यासमोर खुर्ची टाकून बसेल नि माझे श्वास मोजेल. अठ्ठावीस वर्षं त्या देशाचा बूट फळ्यावर काढलाय तिनं. एकदा वर जाऊन बघू दे."

मी प्रॅक्टिकल बाई आहे. मी रडले नाही, हातही धरला नाही. दोन अटी घातल्या. पुण्याला परत गेल्यावर आठ दिवसांत ऑपरेशनची तारीख घ्यायची. आणि गाडीपाशी या रकान्यात प्रत्येक ओळीत माझंही नाव घालायचं, कारण अनोळखी देशात, भाषा येत नसताना, अशा माणसाला मी एकटं पार्किंगमध्ये सोडणार नव्हते. त्यांनी मान हलवली, पेन उघडलं, आणि सातही ठिकाणी "मी" पुढे "व सूनबाई" असं लिहिलं. गाव एकही काटलं नाही. लाल पेन मी तसंच मिटून ठेवलं.

त्यामुळे इटलीतल्या डोंगरी गावांबद्दल मला कुणी विचारलं तर मी फक्त पार्किंगांबद्दल सांगू शकते. पहिलं गाव म्हणजे ऑलिव्हच्या झाडांखालचं, उतरतं, प्रत्येक गाडीच्या चाकामागे दगड लावलेलं पार्किंग. दुसरं म्हणजे फुटबॉलच्या मैदानाशेजारचं, तिथे सावली अजिबात नव्हती. तिसऱ्या गावाखाली पाण्याचा नळ होता आणि सिमेंटचा बाक. वर, फार वर, मधाच्या रंगाची भिंत, तिच्यावर एक मनोरा, आणि ते सगळं उन्हात थरथरताना. नवरा, मुलगी आणि सासूबाई चढायला लागायची, सासूबाई सगळ्यांत पुढे, पांढरे बूट आणि साडी थोडी वर खोचलेली. पहिल्या गावात नवऱ्यानं मला विचारलं, "तू का नाही येत?" मी म्हटलं, ऊन. दुसऱ्या गावात म्हटलं, सँडल. त्यानं पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं मला वाटत होतं, आणि विचारलं नाही म्हणून हायसंही वाटत होतं. माझी अर्धी चिडचिड या एका गोष्टीची होती की मी एकटी का शहाणी.

सासरे बाकावर बसून घड्याळ बघत. "बारा मिनिटं झाली. आता वेशीत असेल." मग थोड्या वेळानं, "आता चौकात." पुस्तकांतले गावांचे नकाशे त्यांनीही वाचले होते. ती वर प्रत्यक्ष चालत होती आणि हे खाली बसून तिच्या मागोमाग चालत होते. मी सफरचंद कापून देत होते आणि बाटलीतलं पाणी संपत आल्याची काळजी करत होते. खाली उतरल्या की सासूबाई धडा सांगावा तसं सगळं सांगत. विहीर कुठे होती, वारा कुठल्या बाजूनं येतो, खालची शेतं वरून कशी गोधडीसारखी दिसतात. ते ऐकत आणि मध्येच एखादा प्रश्न विचारत, "पायऱ्या किती?" त्यांनी पायऱ्या मोजलेल्या असत.

चौथ्या गावाहून उतरल्यावर त्या म्हणाल्या, "माझा गुडघा दुखतोय. आता पुरे." त्यांचा गुडघा जन्मात दुखला नव्हता. तीन गावं राहिली. सासरे थोडे अस्वस्थ झाले, वकिलातीचं एकदा बोलून पाहिलं, मग त्यांनी तक्त्यावर चौथ्या ओळीखाली आडवी रेघ मारून फेरी रद्द असं लिहिलं. मी मागच्या सीटवर बसून मनातल्या मनात चरफडत होते की एवढ्या आटापिट्यानंतर ह्यांना नेमका आत्ता गुडघा सुचला. विमानतळावर अर्थातच कुणी काही विचारलं नाही.

ऑक्टोबरात ते दोघं परत गेले. दर रविवारी मी फोन करायचे आणि शेवटी सासऱ्यांना विचारायचे, "बाबा, ते काम झालं का?" शेजारी सासूबाई असायच्याच. ते म्हणायचे, "अर्ज दिलाय." पुढच्या रविवारी, "फाईल पुढे गेली." त्याच्या पुढच्या रविवारी, "साहेब रजेवर." मला कळत होतं की कुठलीही फाईल कुठेही गेलेली नाही. इथून मी काय करणार होते? नवऱ्याला सांगावं असं दहा वेळा मनात आलं. पण शब्द दिला होता, आणि शब्द देताना मी स्वतःला फार भक्कम समजत होते. डिसेंबरात त्यांना दवाखान्यात नेलं आणि ऑपरेशनपर्यंत गोष्ट गेलीच नाही.

शेवटच्या दोन दिवसांत त्यांनी सासूबाईंना सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तेही. तेराव्यानंतर मी पुण्यात चार दिवस राहिले, पण त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मग मी हॅरोला आले आणि फोनवर त्या मुलाशी बोलत, नातीशी बोलत, आणि मी रिसीव्हर घेतला की म्हणत, "बरं, ठेवते." असं आठ महिने. मला वाटायचं, त्यांचं बरोबर आहे. मी बोलले असते तर ऑपरेशन झालं असतं. हे मला आजही वाटतं आणि त्यावर कुणी माझी समजूत घातलेली मला आवडत नाही.

नवव्या महिन्यात एका रविवारी नवरा घरी नव्हता. फोन मीच केला. हवा, भाजी, मोलकरीण झालं. मग मी सरळच म्हटलं, "आई, माझ्यावर राग आहे तो बोलून टाका. मी ऐकून घेईन."

फोनकार्डावरची मिनिटं जात होती.

"मला तिसऱ्या गावात कळलं होतं," त्या म्हणाल्या. "वर गेलं की मी आधी तटापाशी जायची. गाडी दिसते का बघायला. पहिल्या गावात बसलेले दिसले, दुसऱ्यात बसलेले दिसले. तिसऱ्यातही. हा माणूस गाडीपाशी बसणारा नव्हे गं. बस सुटेपर्यंत येरझारा घालणारा."

"मग चौथ्या गावात कशाला चढलात?"

"पंचवीस मिनिटं दिली होती ना त्यांनी. वायाच गेली असती." मग म्हणाल्या, "पण पुढच्या तीन वेळा नसतं जमलं मला. म्हणून गुडघा काढला."

मी विचारलं, तुम्हाला कळलंच होतं, घरी येऊन तुम्हीही काही बोलला नाहीत, मग माझ्यावर राग कशाचा. थोडं ताडकनच विचारलं. नऊ महिन्यांची भर होती त्यात.

"मी एकदा बोलले. पुण्याला आल्यावर. तब्येत दाखवून या म्हटलं. म्हणाले, दाखवली, सगळं ठीक आहे." त्यांचा आवाज कोरडा होता. "मला कळलं होतं. तुला त्यांनी सांगितलं होतं. त्यात फरक आहे."

आम्ही हवेवर आलो आणि फोन ठेवला. त्यानंतर त्या माझ्याशी नीट बोलायला लागल्या, पूर्वीपेक्षा थोडं जास्तच. पण ते वाक्य मी अजून बाजूला ठेवू शकलेले नाही. लोक मला सांगतात. दवाखान्यात सांगतात, घरात सांगतात, बसस्टॉपवर अनोळखी बायकासुद्धा सांगतात. ही रडणार नाही, गडबडणार नाही, ऐकून कामाला लागेल, हे त्यांना दिसतं. इतकी वर्षं मला तो माझ्यावरचा विश्वास वाटायचा आणि आतून थोडा अभिमानही होता. आता वाटतं, जिच्यासमोर बोलताना आपला धीर सुटेल तिला माणूस सांगत नाही, तिच्यासाठी सात गावं आखतो. मला सांगताना बाबांचा आवाज एकदाही हलला नव्हता.